आवडते कलावंत कसे सापडले : एका श्रवण-प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

आज कामाला सुरुवात केली. प्रश्न एकच आहे : जो गायक किंवा वादक आज मला अगदी आपला वाटतो, तो नेमका कधी आणि कशामुळे आपला झाला? हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि मीही त्याचे ठरावीक उत्तर देत आलो आहे, की अमुक एके दिवशी अमुक ऐकले आणि भारावून गेलो. ते उत्तर खरे आहे का, हे एकदा नीट तपासावे असे बरेच दिवस मनात होते.

कामाचे तीन भाग ठरवले आहेत. पहिल्या भागात माझ्या अकरा आवडत्या कलावंतांची यादी करून प्रत्येकाच्या पुढे ‘प्रथम कधी ऐकले’ आणि ‘केव्हापासून आवडू लागले’ असे दोन रकाने भरायचे आहेत. दुसऱ्या भागात असा एक गायक घ्यायचा, ज्याच्या थोरवीविषयी मला शंका नाही, पण ज्याच्याशी माझे सूर कधी जुळले नाहीत. तो म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. तिसऱ्या भागात पूर्णपणे अनोळखी आवाज घ्यायचा, ज्याची भाषाही मला येत नाही. त्यासाठी आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्द या द्वीपराष्ट्राची गायिका सेझारिया एव्होरा हिची निवड केली आहे.

ऐकण्याचे नियमही लिहून ठेवतो. ध्वनिमुद्रण अखंड ऐकायचे, त्या वेळात हाताला दुसरे काम घ्यायचे नाही, संपल्यावर दहा मिनिटांच्या आत मिनिट-सेकंदांसह नोंद करायची, आणि तीन वेळा ऐकून होईपर्यंत त्या कलावंताविषयी काहीही वाचायचे नाही. शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाईल, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कौतुक आधी वाचले की कान ते कौतुक शोधत बसतो.

११ जानेवारी

रकाने भरले. अकरापैकी सात नावांपुढे दोन्ही रकान्यांतील उत्तरे वेगळी आली आणि दोघांच्या बाबतीत तर मधले अंतर दहा वर्षांहून अधिक निघाले. म्हणजे ‘ऐकले आणि भारावून गेलो’ हे माझ्या बाबतीत फार थोड्या वेळा घडले आहे. पहिले ऐकणे बहुधा नुसतेच होऊन गेले होते. नंतर कधीतरी, दुसऱ्याच निमित्ताने, तो आवाज परत आला आणि मग राहिला.

तरीही पहिल्या ऐकण्याचा विजेसारखा परिणाम होतो, हे नाकारता येत नाही. भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गाणे आपल्याला यावे या ओढीने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे त्यांना सवाई गंधर्व गुरू लाभले, ते अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या मुदतीने एका आयुष्याची दिशा ठरली, हे मला दर वेळी वाचताना हलवून जाते.

याच्या उलट उदाहरण चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे आहे. १८९० मध्ये, तेरा वर्षांचे असताना, त्यांना बार्सिलोनातील एका जुन्या दुकानात जर्मन संगीतकार बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा सुइट्सची (नृत्यरचनांच्या मालिकांची) प्रत सापडली. त्यांनी ती घरी नेली आणि सुमारे बारा वर्षे रोज त्यांचा अभ्यास केला, पण त्यांतील एकही लोकांसमोर वाजवली नाही. त्यांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण तर १९३६ ते १९३९ या काळात झाले. माझ्या वहीतील सात नावे या दुसऱ्या जातीची आहेत, फक्त ती बारा वर्षे मी अभ्यासात न घालवता विसरण्यात घालवली.

१९ जानेवारी

कुमार गंधर्वांपासून आरंभ केला. त्यांच्याशी माझी ओळख एका कॅसेटमुळे झाली. कोणा रसिकाने खासगी बैठकीत केलेल्या ध्वनिमुद्रणाची ती प्रत दादाने मिळवली होती, आणि आम्ही दोघांनी ती इतक्या वेळा ऐकली की तिच्यावरचे पेन्सिलीचे अक्षरही पुसट झाले. अ बाजूला १९ मिनिटे ४० सेकंदांच्या सुमारास, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी, श्रोत्यांतून कोणीतरी हळूच ‘वा’ म्हणतो. आवाज कोवळा आहे, एखाद्या पोराचा असावा असा. आम्ही त्या ‘वा’ची वाट पाहत असू. गाण्यातले आम्हांला फारसे कळत नव्हते, पण त्या पोराला काहीतरी कळले आहे एवढे नक्की समजत होते.

आज डेकचे हेड स्पिरिटने पुसून घेतले, फीत दोन्ही बाजूंनी एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी केली आणि अ बाजू संगणकावर उतरवली. फीत सुस्थितीत आहे. फक्त सुरुवातीच्या पाऊण मिनिटात आवाज मध्येमध्ये बुडतो.

२१ जानेवारी

आज जे आढळले ते सविस्तर लिहायला हवे.

घरघर कमी करण्यासाठी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रणातील वारंवारितांचा आलेख काढला. वीजपुरवठ्याची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणांत बहुतेक वेळा त्या जागी बारीकसा सुळका दिसतो. इथे दोन सुळके दिसले. एक ५० हर्ट्झवर होता, तो माझ्या डेकचा. दुसरा ५३ हर्ट्झवर होता. वीजपुरवठा ५३ हर्ट्झचा नसतो, तेव्हा हा दुसरा गुंजारव बैठकीच्या मूळ मुद्रणातून आलेला असला पाहिजे आणि तो सहा टक्क्यांनी वर सरकलेला असला पाहिजे. ज्या यंत्रावर प्रत काढली गेली ते मंद चालत असावे; त्यामुळे तीच फीत योग्य वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने वाजवली की सारे काही सहा टक्के भरभर धावते. सहा टक्के म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा स्वर : हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीचा षड्ज (सा) शेजारच्या पांढरी दोनवर जाऊन बसतो.

याचा अर्थ असा की ज्या कुमारजींवर मी जीव लावला, ते त्या बैठकीत प्रत्यक्ष गायले त्याहून अर्धा स्वर चढे आणि सहा टक्के द्रुत होते. मी वेग दुरुस्त करून फाइल पुन्हा ऐकली आणि पहिली पाच मिनिटे मला तो आवाज परका वाटला. तो अधिक भरीव होता, थोडा खालचा, आणि काहीसा जड. माझ्या स्मरणातली धार बोथट झाल्यासारखे वाटले, आणि हे सांगायला संकोच वाटतो, पण मला क्षणभर ही दुरुस्ती मोडून टाकावीशी वाटली.

मग हळूहळू दुसरे काहीतरी ऐकू येऊ लागले. कुमारजी लांबलचक पल्ल्याच्या ताना घेत नाहीत, एखादी छोटी स्वराकृती फेकतात, थांबतात, आणि पुढची निराळ्याच कोनातून आणतात, हे मला आधीपासून माहीत होते. जुन्या प्रतीत ते थांबे नुसते चपळ वाटत. दुरुस्त प्रतीत त्या थांब्यांत श्वास ऐकू येतो. १९४७-४८ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठले, कोरड्या हवेसाठी ते देवासला येऊन राहिले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले आणि पुढची काही वर्षे गाणे बंदच होते. त्या अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीते कान देऊन ऐकली आणि नंतरच्या त्यांच्या गाण्यात ती पाझरली, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र आजवर तो चरित्रातला एक प्रसंग होता. आज १४ व्या मिनिटाला, वरच्या षड्जाला जाण्यापूर्वी, त्यांनी घेतलेला आखूड, काटकसरीचा श्वास ऐकला आणि प्रसंग व गाणे एकाच ठिकाणी आले. श्वास थोडा आहे म्हणून गाणे तोडले असे ते वाटत नाही. थोड्या श्वासात किती मावते याचा अंदाज इतका पक्का आहे की एकही स्वर उधार आणावा लागत नाही.

‘वा’ आता १९ मिनिटे ४० सेकंदांऐवजी २० मिनिटे ५१ सेकंदांना येतो. तो पोराचा आवाज नव्हता. तो प्रौढ माणूस आहे.

२ फेब्रुवारी

मल्लिकार्जुन मन्सूर, नट-बिहाग (नट आणि बिहाग यांचा जोडराग), श्रवण पहिले. जुने मत जसेच्या तसे लिहितो, म्हणजे नंतर बदलल्यास लपवता येणार नाही : एवढी लगबग कशासाठी? रागाची मांडणी संथपणे उलगडत जावी, एकेका स्वरावर बैठक व्हावी, अशी माझ्या कानाला सवय आहे. इथे गायक आला आणि थेट मजकुरालाच भिडला. स्वरांवर विसावा नाही.

५ फेब्रुवारी

दुसरे श्रवण. ऐकणे संपताच श्राव्य-सेवेने ‘तुम्हांला हेही आवडेल’ म्हणून दुसरा गायक आपोआप सुरू केला आणि शेवटच्या तिहाईनंतर (तीनदा म्हटलेल्या समारोपाच्या तुकड्यानंतर) जी शांतता मिळायला हवी होती ती हिरावून घेतली. ही स्वयंचलित सोय कायमची बंद केली. आपल्याला काय आवडले हे समजायला गाणे संपल्यानंतरचा एक मिनिटही गाण्याइतकाच लागतो.

१५ फेब्रुवारी

पाचवे श्रवण. तीन श्रवणांची अट पूर्ण झाल्यामुळे वाचायला परवानगी होती. मन्सूर आधी ग्वाल्हेर परंपरेत शिकले होते; पुढे अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ यांची तालीम मिळू लागली, पण १९३७ मध्ये मंजी खाँ गेले आणि त्यांचे धाकटे बंधू भूर्जी खाँ यांच्याकडे शिक्षण पुढे चालू राहिले. व्यापक कीर्ती त्यांच्या वाट्याला उतारवयात आली. पद्मविभूषण १९९२ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी ते गेले. हे सगळे वाचून आदर वाढला. आवड वाढली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच जाणवले.

२३ फेब्रुवारी

सातवे श्रवण. आज काहीतरी हलले.

आजपर्यंत मी नट कुठे संपतो आणि बिहाग कुठे सुरू होतो याचा सांधा शोधत होतो. जोडरागाचे शास्त्र तसेच शिकवले जाते, म्हणून ऐकताना मी सतत बोट ठेवायला जागा पाहत होतो. आज दमलो होतो, त्यामुळे राग सोडून दिला आणि हाताने नुसता तीनताल धरला : सोळा मात्रा, टाळी, टाळी, खाली, टाळी. तेव्हा लक्षात आले की माझी ‘लगबग’ ही तक्रार मुळातच चुकीच्या ठिकाणी होती. मन्सूर विसावा घेतात, पण तो स्वरावर घेत नाहीत, आवर्तनावर, म्हणजे तालाच्या पूर्ण फेरीवर, घेतात. प्रत्येक आवर्तन हे एक पूर्ण वाक्य आहे. ते वाक्य कुठूनही सुरू होते, मध्ये असे वळण घेते की आता हे समेपर्यंत पोहोचणे शक्य नाही असे वाटावे, आणि तेराव्या मात्रेपासून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, असा अलगद उचलला जातो की सम चुकण्याची भीती आपल्याला होती, त्यांना कधीच नव्हती, हे कळते.

एका आवर्तनात ते खाली आले, मी समेची तयारी केली, आणि त्यांनी ती समोरून जाऊ दिली. नवे आवर्तन चालू झाले तरी जुने वाक्य संपलेले नव्हते. दोन आवर्तनांचे मिळून एकच वाक्य झाले आणि सम आली तेव्हा माझा हात मांडीवर पडण्याऐवजी हवेतच राहिला. ती जागा पुन्हा लावून ऐकण्याचा मोह झाला, पण नियम अखंड ऐकण्याचा असल्यामुळे पुढे गेलो.

१ मार्च

नवव्या श्रवणानंतर थोडे वाचन. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी प्रयोगांवरून दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांच्या मांडणीप्रमाणे मात्र ही आवड सरळ चढत नाही. ओळख आणि गुंतागुंत यांच्या मधल्या एका टप्प्यावर ती शिखर गाठते आणि पुढे उतरते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष माझ्या वहीच्या अधिक जवळचे आहेत : आवडत्या संगीतात अंगावर काटा येण्याचा क्षण जवळ येत असताना, म्हणजे नुसत्या वाट पाहण्यातही, मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेले रसायन स्रवते, आणि त्या क्षणी मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवते.

वाट पाहण्यालाही सुख असते, हे त्या ‘वा’साठी कान लावून बसलेल्या दोन भावांना कोणी सांगायला नको होते. पण नुसत्या पुनरावृत्तीने आवड निर्माण होते, एवढ्यावर माझे समाधान होत नाही. मन्सूर मी पहिले सहा वेळा ऐकले तेव्हा ओळख वाढत होती आणि तक्रारही तशीच होती. सातव्या वेळी ऐकण्याचे ठिकाण बदलले : कान स्वरावरून लयीवर आला. पुनरावृत्तीने फक्त तो बदल घडायला वेळ दिला, असे मला वाटते.

९ मार्च

ग्लेन गुल्ड, पियानोवादक. यादीतील जुने नाव. कुमारजींच्या कॅसेटवरून जो प्रश्न मागे राहिला होता, की वेग बदलला तर माणूस बदलतो का, त्यासाठी यांच्याइतका योग्य कलावंत दुसरा नाही, कारण यांनी स्वतःच तो बदल केला. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना त्यांनी जून १९५५ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, ध्वनिमुद्रित केली. ते मुद्रण साडेअडतीस मिनिटांच्या आसपास आहे. १९८१ मध्ये त्यांनी ती पुन्हा वाजवली, तेव्हा ती सुमारे ५१ मिनिटांची झाली. आरंभीची आरिआ (मूळ धून) पहिल्या मुद्रणात सुमारे दोन मिनिटांत संपते, दुसऱ्यात तिला तीन मिनिटे लागतात. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले.

दोन्ही लागोपाठ ऐकल्या. पहिल्यात प्रत्येक स्वर चकाकतो आणि पुढे पळतो. दुसऱ्यात आरिआचे पहिले दोन स्वर इतके सुटे पडतात की त्यांच्या मध्ये काय करावे हे ऐकणाऱ्याला सुचत नाही. माझा कौल दुसऱ्या मुद्रणाला आहे. पण दोन्हींत वाजवताना त्यांचे ते गुणगुणणे आहेच, पियानोच्या मागे, दबलेले, बोटांपेक्षा वेगळीच वाट धरणारे. सव्वीस वर्षांनी हात बदलले. हे गुणगुणणे ओळखीचे राहिले. पियानो ऐकून मला कदाचित एकच वादक आहे हे सांगता आले नसते, त्या गुणगुणण्यावरून लगेच सांगता येते.

१६ मार्च

सेझारिया एव्होरा, ‘मिस पर्फुमादो’ हा १९९२ चा अल्बम, तिसरे श्रवण. भाषा केप व्हर्दची क्रिओल. एक शब्द कळत नाही, फक्त ‘सोदाद’ हा शब्द परत परत येतो आणि अर्थ न विचारताही तो दूर गेलेल्या कशाचा तरी आहे हे पोहोचते. आवाज रुंद आणि बिनघाईचा आहे. गिटार आणि बारीक आवाजाचे कवाकिन्यो हे वाद्य ठेका ठेवून पुढे चालत असतात आणि ही त्यांच्या किंचित मागून येते, जणू तिला वाट माहीत आहे.

वाचल्यावर कळले की ‘मोर्ना’ या तिथल्या गीतप्रकाराची ती सर्वांत ज्ञात गायिका. मिंदेलो बंदरात ती तरुणपणी गात असे, मधली सुमारे दहा वर्षे तिने गाणे सोडले होते, आणि पॅरिसमध्ये पहिला गाजलेला टप्पा १९८८ च्या अल्बमने सुरू झाला तेव्हा ती ४७ वर्षांची होती. ती रंगमंचावर अनवाणी उभी राहत असे.

आज एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो, कारण ती माझ्या सात विरुद्ध चारच्या (उशिरा आवडलेले विरुद्ध लगेच आवडलेले) हिशोबात बसत नाही : एव्होरा मला पहिल्याच श्रवणात, दुसऱ्या गाण्याच्या आत, आवडली. मन्सूरना सात वेळा लागले. दोन्ही खरे आहे. फरक इतकाच वाटतो की एव्होराचे मागून येणे ऐकायला माझा कान आता तयार होता, आणि ती तयारी फेब्रुवारीतल्या त्या तीनतालाच्या संध्याकाळी झाली होती.

३० मार्च

मन्सूर, बारावे श्रवण. ती दोन आवर्तनांची जागा कधी येणार हे आता पाठ आहे आणि तरीही हात हवेत राहिला. यादीत बारावे नाव लिहिले. ‘प्रथम कधी ऐकले’ या रकान्यात खरे उत्तर लिहिले : लहानपणी, रेडिओवर, आणि बंद केला.

६ एप्रिल

दादाला दुरुस्त प्रत पाठवली होती. वेग बदलल्याचे मुद्दाम सांगितले नव्हते. आज त्याचा फोन आला. सुरुवातीला त्याने फीत खराब झाली का असे विचारले; आवाज उतरल्यासारखा वाटतो म्हणाला. मी ५३ हर्ट्झची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने फोन चालू ठेवूनच फाइल विसाव्या मिनिटावर लावली आणि आम्ही दोघे दोन घरांत बसून थांबलो. २० मिनिटे ५१ सेकंदांना ‘वा’ आला.

‘तो तर आपल्याएवढा आहे रे,’ दादा म्हणाला. आणि मग, ‘पुन्हा लाव.’

दोन्ही प्रती ठेवायच्या असे ठरले : एक ‘मूळ वेग’ या नावाने आणि एक ‘आमची’ या नावाने. ब बाजू अजून उतरवायची आहे. त्या बाजूलाही दुसरा सुळका ५३ वरच आहे का, हे आधी पाहावे लागेल.